हाफ-पाइपची फायनल आणि आमचा अबोला

…नाही, पण मी म्हणतो, गुडघा वाकला तर वाकला म्हणायचं नाही? माणूस दोन मजले उंच हवेत जातो, तीन-तीन गिरक्या घेतो, पायाला फळी बांधलेली, खाली दगडासारखा बर्फ, सगळं कबूल! पण उतरताना गुडघा वाकलाच ना? मला दिसला. मी म्हणालो, "वाकला." एवढंच म्हणालो हो! आणि त्यावरून घरात जे काही झालं… लोक म्हणतात, बघणाऱ्याचं काय जातं? तुम्हाला सांगतो, माझी बायको जायची वेळ आली!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी शर्टांच्या कारखान्यात चेकर होतो. एकतीस वर्षं. टेबलावर शर्ट यायचा, कॉलर बघ, खांदा बघ, काज बघ, बटण ओढून बघ, आणि जिथं चूक दिसेल तिथं एक छोटासा लाल बाण चिकटवायचा. बाण लागला की शर्ट परत. आणि चांगला शर्ट असेल तर? तर काही नाही! चांगल्याला काही लावायचं नसतं, तो आपला गुपचूप पुढे जातो. एकतीस वर्षांत मी एकाही शर्टाला 'वा' म्हणालो नाही, आणि एकाही शर्टाने तक्रार केली नाही.

आता बायको म्हणजे शर्ट नव्हे, हे मला कळायला हवं होतं. मान्य! पण सवय हो, सवय… हिने हॉलला पडदे शिवले. फिकट निळे, वरती चुण्या, तीन आठवडे खपत होती बिचारी. मेहुणी आणि साडू मुद्दाम बघायला आले. मेहुणी म्हणते, "अगं बाई, काय सुंदर!" साडू म्हणतो, "विकतचे वाटतात हो!" ही अशी जरा लाजून माझ्याकडे बघतेय… आणि मी उठलो, पडद्यापाशी गेलो, खालची दुमड उचलली, टीप कुठंतरी दोन बोटं तिरकी गेली होती, आणि रिटायर होताना आणलेली त्या लाल बाणांची पट्टी खिशात होतीच… हो. लावला! सगळ्यांसमोर! मी नाही हो, हातानेच लावला!

त्या दिवसापासून अबोला. भांडण परवडलं, भांडणात निदान आवाज तरी असतो. इथं ताट समोर येतंय, चहा येतोय, कपडे घडी करून येताहेत, बाई मात्र गप्प. आणि तिसऱ्या दिवशी भावाला फोन, मला ऐकू जाईल अशा आवाजात, "रविवारी येतेय रे. सहाच्या बसने. परत कधी?… बघू." तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षांत ही माहेरी पन्नासदा गेली असेल, पण तारीख सांगून. 'बघू' कधी म्हणाली नव्हती. 

तशात रिमोटचे सेल संपले! आता 'सेल आणू का' विचारायचं तर बोलावं लागतं. उठून टीव्हीचं बटण दाबायचं तर जो उठेल तो हरला. म्हणून टीव्ही जिथं अडकला तिथं अडकला, खेळांच्या चॅनेलवर, आणि तिथं आठवडाभर एकच… बर्फ! एखादा अवाढव्य पाइप उभा चिरून उतारावर आडवा टाकावा, तशी ती बर्फाची घळ, तिलाच म्हणे हाफ-पाइप. त्यात एकेक जण फळीवर उभा राहून येतो, या भिंतीवरून सुर्रकन वर, हवेत गिरकी, खाली, त्या भिंतीवरून वर, परत गिरकी. पहिल्या दिवशी म्हटलं, काय हा वेडेपणा! दुसऱ्या दिवशी जरा सरसावून बसलो. तिसऱ्या दिवशी मला कळायला लागलं, आणि चौथ्या दिवशी परीक्षकांपेक्षा जास्त कळायला लागलं. सोफ्यावर पाय पसरून! बघणाऱ्याचं काय जातं?

आणि ते परीक्षक! सहा जण. शंभरपैकी मार्क. त्यातले सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी काढून टाकायचे, उरलेल्या चौघांची सरासरी. म्हणजे बघा, जो सगळ्यात बारकाईने बघतो, ज्याला गुडघा दिसतो, बोट दिसतं, फळीची कड घसरलेली दिसते, त्याचेच मार्क कचऱ्यात! म्हणजे माझेच! मी चिडून मोठ्याने मार्क द्यायला लागलो. हिला नाही हं, टीव्हीला. "चौसष्ट!" तर कोपऱ्यात ही मटार सोलत बसलेली, ती मटारांना म्हणते, "ब्याऐंशी." मी टीव्हीला म्हणालो, "हात टेकला." ती मटारांना म्हणाली, "कुणाचा टेकत नाही?"

बोललो नाही हं आम्ही! अबोला शाबूत होता. पण दुपारभर त्या खोलीत नुसते आकडे… एकाहत्तर… अठ्ठ्याऐंशी… आणि मग ते हळू करून दाखवतात ना, तेव्हा आकडेही थांबायचे. भिंतीच्या कडेवरून माणूस सुटतो, वर जातो, आणि अगदी वर पोचला की क्षणभर थांबतो. जात नाही, येत नाही. हात फळीला, डोकं खाली, मागे निळंभोर आकाश, बर्फाचा भुगा सावकाश तरंगतोय… आवाज नाही, वजन नाही, कुठं पोचायची घाई नाही. मी सोफ्यावर होतो का वर होतो, मलाच कळायचं नाही. डोळा लागायचा. स्वप्नात मी चपला घालून त्या भिंतीवर चढायचो आणि सुटायचो. खाली सगळं पांढरं, आणि कुठंच, तुम्हाला सांगतो, कुठंच मला एक चूक दिसायची नाही! जागा झालो की हिच्याकडे बघायचो, तर हिचेही हात थांबलेले, तोंड जरासं उघडं. इतक्या वर्षांत मी हिचा चेहरा तसा पाहिला नव्हता. किंवा असेल तसा रोज, मी कुठं बघत होतो?

हिची त्यात एक लाडकी होती. निळं हेल्मेट घालायची, म्हणून आम्ही निळी म्हणायचो. म्हणजे मी टीव्हीशी म्हणायचो, ही मटारांशी. बाकी सगळ्या सतरा-अठराच्या, निळी एकटी छत्तीसची, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, आणि ही तिची शेवटची स्पर्धा. मी म्हणालो, "या वयात कशाला?" मटारांनी उत्तर दिलं नाही.

रविवार. तीन वाजता फायनल, सहाला बस. दारापाशी बॅग भरून उभी, आणि ही बाहेरची साडी नेसून, चप्पल घालूनच खुर्चीच्या टोकावर टेकलेली. प्रत्येकीच्या तीन फेऱ्या असतात. निळीची पहिली… पडली. धाडकन! दुसरी… सुंदर गेली हो, पाचही उड्या, शेवटच्या उडीला उतरताना जरा डगमगली, सावरली. हिने चक्क टाळी वाजवली! आणि माझ्या तोंडून निघालं, "वाकला."

झालं! आठ दिवसांचं धरण फुटलं. "अहो, बसून-बसून बघणाऱ्याचं काय जातं? तिथं तीनदा संधी देतात, बाकीच्या दोन सोडून देतात आणि सगळ्यात चांगली असेल तेवढीच धरतात! तुम्ही चौतीस वर्षांत माझी सगळ्यात वाईट तेवढी धरलीत! अकरा पडदे शिवले मी. अकरा! तुम्हाला दोन बोटं दिसली!"

  मला एवढंच दिसत होतं की साडेचार झालेत, आणि ही गेली की या खोलीत मी, टीव्ही आणि एकही चूक न करणारी भिंत. कसाबसा म्हणालो, "पडदे चांगले आहेत."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"सवय नाही गं," मी म्हणालो. "चांगलं दिसलं की मी पुढेच ढकलतो. तू जाऊ नकोस. मला भीती वाटते."

तिने घड्याळाकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं. आणि तेवढ्यात टीव्हीवर तो समालोचक ओरडायला लागला, डोंगरावर वारा सुटलाय, उड्या मारणं धोक्याचं आहे, तिसऱ्या फेऱ्या आज रद्द, उद्या दुपारी तीन वाजता! निळी हेल्मेट काढून बर्फात नुसती उभी. केस वाऱ्यावर.

"उद्या तीनला?" हिने विचारलं. मटारांना नाही हो, मला!

"तीनला," मी म्हणालो.

ती उठली. मी डोळेच मिटले. मला चपलांचा आवाज आला, मग फोनचा. भावाशी बोलत होती. "अरे, आज नाही निघत मी… नाही रे, तब्येत बरी आहे दोघांची… बसचं काही नाही… अरे, इथं वारा फार सुटलाय."

इथं! खिडकीबाहेर पान हलत नव्हतं!

आता माझ्यासाठी थांबली का त्या निळीसाठी, ते विचारायची माझी छाती नाही. उद्या फेरी संपल्यावर काय, तेही विचारलं नाही. चौतीस वर्षांचा संसार, आणि तुम्हाला सांगतो, सगळा भरवसा आता कुठल्याशा डोंगरावरच्या वाऱ्यावर! वाहू दे बापडा, चार-आठ दिवस वाहू दे… आपलं काय जातं?