बोटभर फट

नाही ताई, त्या खोलीत दिवा नाही — बटणच काढलंय. तुमच्या आधीच्या बाईंनी काढायला लावलं. त्यांचीच ना ही वही? वाचता येत नसलं तरी अक्षर ओळखतो मी. झाडाच्या पानाच्या पोटात काय चालतं ते मला त्यांनीच समजावलं. म्हणाल्या, मामा, तुम्ही हमाली केलीत ना, मग तुम्हाला कळेल — पानातसुद्धा हमालांची रांग असते, उजेड पडला की पाट्या हातोहात पुढं जातात. आणि उजेड गेला की? पाटी हातातच अडकते. मग अंधारात कुणीतरी ती हळूहळू उतरवून घेतं, हवेच्या हवाली करतं. हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो, तेच त्यांना मोजायचं होतं. मी म्हटलं, बाई, आमच्या रांगेला असं कुणी भेटलं नाही.

माझं काम काय? कुंडी आत न्यायची, दार लावून तिच्यापाशी अर्धा तास बसायचं, बाहेरून टकटक झाली की चाचपडत पान यंत्राच्या चिमट्यात धरायचं. एवढंच. एवढंसुद्धा — हसू नका, ताई — मला अंधाराची भीती वाटते. लहानपणी नव्हती, आता वाटते. घरवाली गेली तेव्हापासून. दार मिटलं की तिचा खोकला ऐकू येतो. मग मी दार बोटभर उघडं ठेवायचो — कधी दोन बोटं — आणि टकटक व्हायच्या आत लावून घ्यायचो. म्हटलं, एवढ्याशा उजेडानं पानाचं काय बिघडतंय? बिघडलं. आकडे रोज निराळे. मोठे सर बाईंना चारचौघांत म्हणाले, तुमच्या हाताला शिस्त नाही. मी तिथंच कप गोळा करत होतो. तोंड उघडलं का? नाही उघडलं. बाईंनी पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं, मग सोडूनच गेल्या — आणि जाताना मलाच म्हणाल्या, मामा, तुम्ही तेवढे माझ्यासाठी अंधारात बसलात.

तुम्ही नुसती खोली विचारलीत आणि मी बघा कुठं पोचलो. आता ऐकलंच आहे तर त्या वहीत लिहा — फट होती. मागच्या पानावर त्यांचा पत्ता असेल, त्यांनाही कळवा. हात त्यांचा चुकला नव्हता, दार माझं होतं. आणि आत दुसऱ्या कुणाला बसवा.

असं बघू नका माझ्याकडे. ही किल्ली. जा — आणि दार नीट ओढून घ्या.