दाराच्या दांड्याचे दोन बोल्ट

मी, शेख अयूब शेख रहीम, वय ६१ वर्षे, धंदा गाड्यांना साहित्य बसविण्याचे दुकान, रा. बसस्थानकामागे, नागभीड. पोलिसांनी बोलावल्यावरून आज दि. १८/११/२०२४ रोजी स्वतः हजर राहून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. पत्नी जमीला दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगा बिलाल हैदराबादला नोकरीस आहे.

मयत दादाजी मोहुर्ले, वय ७३, रा. कोसंबटोला, यांना गुडघ्याचा त्रास होता. गाडीतून धरून उतरता यावे म्हणून त्यांनी जूनमध्ये व्हॅनच्या चालकाच्या दाराजवळ माझ्याकडून लोखंडी दांडा बसवून घेतला. तिथला पत्रा पातळ आहे व मागून नट धरायला हात जात नाही. म्हणून छिद्रे पाडून दोन रिव्हेट नट बसविले. हा नट रिव्हेट गन या हत्याराने ओढला की पत्र्यामागे फुगून घट्ट बसतो. मग समोरूनच बोल्ट आवळता येतो.

त्यानंतर ते दर गुरुवारी अकराच्या सुमारास दुकानी येत. "अयूबभाऊ, बोल्ट ढिला झाला जी," म्हणत. एक बोल्ट अर्धा फेरा ढिला असे. मी आवळून देई. चहा होई. त्यांच्या पत्नी गुणाबाई मार्चमध्ये वारल्या, त्यांच्याबद्दल ते बोलत. बोल्टाच्या डोक्यावर पान्याचे ताजे ओरखडे असत. दहा नंबरचा पाना मी त्यांच्या गाडीत पाहिला होता. ते घरून स्वतःच बोल्ट ढिला करून येतात, हे मला ऑगस्टपासून माहीत होते. मी कधी विचारले नाही. गुरुवारी सकाळी मी दुसरे काम घेत नसे.

दि. ७/११ रोजी मी दोन्ही बोल्टांना आटे धरून ठेवणारे द्रव लावले. का लावले असे विचारल्यावरून सांगतो की, तशा गुडघ्याने अठरा किलोमीटर गाडी चालवणे त्यांना जड जात होते. मी म्हणालो, "आता वर्षभर काई होत नाई, दादाजीभाऊ. यायची गरज नाई." ते "बरं" म्हणाले. चहा अर्धा ठेवून गेले.

दि. १४/११ रोजी गुरुवार होता. मी दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसलो होतो. साडेदहाला त्यांची गाडी आली. आतूनच हसून म्हणाले, "आज तं दोन्ही ढिले झाले जी!" मी उठत म्हणालो, "थांबा, दांड्याले धरू नका." तोवर त्यांनी सवयीने दांडा धरून पाय खाली टाकला होता. दांडा निघून हातात आला. ते पडले व नालीच्या सिमेंटच्या काठावर डोके आपटले. मी ऑटोने दवाखान्यात नेले. वाटेत त्यांनी माझे मनगट धरले होते. बारा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांनी मयत झाल्याचे सांगितले.

त्यांची मुलगी चंचल हिने माझे काम कच्चे असल्याची तक्रार दिली आहे. ठाण्याच्या आवारात मला गाडी दाखविली. दोन्ही नट पत्र्यात शाबूत आहेत, आटे चांगले आहेत. दवाखान्यात चंचलने मला विचारले होते, "काका, बाबा दर हप्त्याले तुमच्याइथी काऊन येत होते?" मी "कामासाठी" असे सांगितले.

बोल्ट दादाजींनी स्वतः खोलले हे तिला कळू नये, काम कच्चे होते असेच तिला सांगावे, अशी मी साहेबांना विनंती केली. तसे करता येणार नाही, असे साहेबांनी सांगितले.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखविला. तो मी बोललो तसाच आहे. त्यातून काही कमी करता येते का, असे मी विचारले. येत नाही असे कळल्यावर सही केली.