दोन बोटं खाली घेतलेली गाडी

...नाही, पण मला सांगा, सुरतेच्या गोडादऱ्यात वळण घ्यायला जागा कुठंय? समोर रिक्षा, बाजूला साड्यांच्या गठड्यांचा टेम्पो, मध्ये गाय, आणि आमचा योगेंद्र म्हणतो, "वळणावर गाडी डुलते!" अरे, डुलायला आधी पळावी लागते ना! गोडादऱ्याहून सचिन गावातल्या मिलमध्ये जायचं, संध्याकाळी परत यायचं, दोनच वर्षांपूर्वी नवीकोरी घेतलेली छोटी गाडी, काय वाईट चाललं होतं? पण मोबाइलवर व्हिडिओ बघितले, अंगात आलं, गेला गॅरेजला. मिस्त्री तर टपूनच बसलेला! "बॉस, कडक स्प्रिंग नाखी दउं, दो उंगली नीचे, एकदम चिपक के चलेगी!"

घेतली! स्प्रिंगा बदलून गाडी दोन बोटं खाली! आणि तुम्हाला सांगतो, वळायला लागली हो झकास... रिकामी असली की! माणसं बसली की पोट रस्त्याला.

नेमकं तेव्हाच धाकट्या बहिणीला, हर्षदाला, बघायला नंदुरबारचे पाहुणे यायचे होते. वडील नाहीत, आधी दोन स्थळं देण्याघेण्यावरून मोडलेली, आई पुष्पाबाईंचा जीव टांगणीला. त्या म्हणाल्या, "रिक्षा कर." हा म्हणतो कसा, "घरमा गाडी शे ना!"

उधना स्टेशनावर मुलाचे वडील गणपतराव, आई इंदुबाई, मामा हिलाल... तिघंही खात्यापित्या घरचे! बसले, गाडी बसली. पहिला स्पीडब्रेकर... खर्रर्र! योगेंद्रनं ब्रेक दाबला. "काका... जरा उतरता का?" उतरले बिचारे. गाडी पलीकडे, पाहुणे पलीकडे, बसले. पुढे? पुढे काय, स्पीडब्रेकर! "मावशी, जरा उतरता का?" सुरतेत हो, स्पीडब्रेकरना काय तोटा! कुणाच्याही दुकानापुढे एक! इंदुबाई पैठणी सावरत उतरतायत, चढतायत, मामांचं धोतर दारात अडकतंय, मागचे हॉर्न मारतायत, आणि हा मान खाली घालून, "मामा, जरा..." मामा म्हणाले, "सांगू नको रे भाऊ, उतरनूच!"

गल्लीच्या तोंडाशी तर इंदुबाई बसेचनात. "आते आम्ही चालतच येतस." मग काय वरात! पुढे पाहुणे पायी, मागे रिकामी गाडी, ओट्यांवर अख्खी गल्ली. योगेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! दोन स्थळं पैशांपायी गेली, तिसरं आपल्या हौसेपायी जाणार, हर्षदाला तोंड कसं दाखवायचं?

घरात पोहे झाले, चहा झाला, हर्षदा आली, गेली. याची नजर फरशीवरून हलेना. गणपतरावांनी घसा खाकरला. झालं! आता नाही म्हणणार!

"पोर आमले पसंत शे," ते म्हणाले. "देवा-लेवानं नाव काढू नका. तुमनी परिस्थिती आम्ही रस्ताभर दखी लिधी."

परिस्थिती? पुष्पाबाईंचा आ वासलेला. इंदुबाई योगेंद्रच्या पाठीवर हात फिरवतायत, "लाजू नको, भाऊ. आमना गावना मिस्तरी अशा बसेल गाड्या वर करी देस."

आता सांगा! काका, हौसेनं पैसे मोजून खाली केलीय, हे अगदी ओठांवर आलं होतं त्याच्या. पण दाराआड हर्षदा उभी... पहिल्यांदा हसत होती हो ती. कशाचं सांगतोय! मान अजून खाली घातली आणि म्हणाला,

"हां काका... बापना येळनी शे. थकी गयी बिचारी."

दोन वर्षांची गाडी, म्हणे बापाच्या वेळची! आणि पुष्पाबाईंनी, काय करतील हो, लगेच पदर डोळ्यांना लावला!