त्यांच्या बाजूचा ब्रेक

माझं माहेर फुलंब्री तालुक्यात, डांबरी रोड सोडून आत जावं लागतं, तिथं दहा-बारा घरांचा बौद्धवाडा हाय, तिथं माझा जन्म. पाऊल टाकायला शिकत होते तवाच ताप आला आन् डावा पाय गेला, गेला म्हणजे हाय, हा बघा, पण त्याच्यात जोर नाय. तवा लंगडी म्हणायचे, मग अपंग म्हणायला लागले, आता दिव्यांग म्हणतात, पायाला काय त्याचं. मला वाईट कशाचं वाटायचं सांगू का, चिडवायचे त्याचं नाय, मला सारखं कुणीतरी न्यावं लागायचं त्याचं. शाळेत आई कडेवर घेऊन जायची, मोठी झाले तर बाप सायकलच्या क्यारेजवर बसवायचा, मग भाऊ, मग यष्टीत कंडक्टर दंडाला धरून वर घ्यायचा. निघायच्या टायमाला कुणी मोकळं नसलं की मी आपली तयार होऊन ओट्यावर बसलेली. लई बसले त्या ओट्यावर.

बापानं शिकवलं मात्र, आन् फुलंब्रीला सरकारी हापिसात क्लार्क म्हणून लागले. मग लग्न झालं. प्रज्ञाचे पप्पा, म्हणजे आमचे हे, वाळूजला कंपनीत फिटर, बोलायला एकदम कमी, बघायला आले तवा पाहुण्यांनी पायाचं इचारलं तर हे म्हणले, नोकरी करतात ना, मग चालतात की. बस, एवढंच बोलले. माझी आई म्हणली, पोरगा चांगला हाय पण मुका हाय का गं. प्रज्ञा आमची एकच पोरगी, तिचं लग्न होऊन ती पुण्याला गेली.

घर केलं हर्सूलला. तिथून फुलंब्री, रोज जायचं आन् यायचं. ह्यांनी मोटारसायकलवर रोडपर्यंत सोडायचं, तिथून काळीपिवळी जीप. काळीपिवळीत जागा कशी मिळती तुम्हाला माहिती हाय, ज्याचा पाय आधी पडला त्याची जागा, आन् माझा पाय काय आधी पडतो का. मधी स्कूटर घेतली मागं दोन जादा चाकं लावलेली, लई खुश झाले मी, पण एक ट्रक अंगावर आला आन् मी साइडपट्टीच्या मुरमात गेले ती स्कूटर उलटीच. खरचटलं फक्त. पण हे म्हणले, आता ही बंद. मी म्हणलं, मग मी पुन्हा ओट्यावर बसू का. हे जेवले आन् ड्यूटीला गेले.

मग काय दिवसांनी दारात एक जुनी मारुती आठशे आणून उभी केली. एका डॉक्टरच्या बंगल्यात पडून होती म्हणे, आत उंदरानं घर केलेलं, सीटमधला काथ्या सगळा बाहेर. मी म्हणलं ही बया कुठून आणली. म्हणले, तुझ्यासाठी. अहो पण मला क्लच कोण दाबून देणार, डावा पाय असा. म्हणले, हातानं दाबशील.

तवापासून आमचं अंगण म्हणजे भंगारवाडा झालं. रशीदभाई म्हणून ह्यांचे दोस्त हायेत, जुन्या गाड्या तोडून त्याचे पार्ट इकतात, त्यांच्याकडून रोज काय न काय येयचं. ब्रेकला जोर देणारा एक गोल डबा असतो, तो सुमोचा आणला, तो ह्यांनी क्लचला लावला, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या जोरावर डबाच क्लच खेचणार, आपण फक्त गिअरच्या दांड्यावर बसवलेली मूठ आवळायची. ती मूठ स्कूटरची. तार माल रिक्षाची, कारण आठशेची टिकत नव्हती. सीट इंडिकाचं, ते पुढं-मागं लांब सरकतं आन् पाठ आडवी पडती. आरसे कुठल्या तरी टेम्पोचे, एवढे मोठे की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं गाडीला कान फुटलेत. रशीदभाई म्हणायचे, वहिनी, इस गाडी का नाम क्या रखना, इसमें तो आधा बाजार है.

आन् गंमत ऐका, सगळं झालं, मला बसवलं, आन् माझा हात मुठीपर्यंत पोचंनाच. सगळं स्वतःच्या मापानं केलेलं. ह्यांचे हात असे लांब. मी म्हणलं, ही गाडी तुमच्यासाठी केली का माझ्यासाठी. ह्यांनी सगळं परत खोललं. तवा मला पायरीवर बसवून माझ्या हाताचं माप घेतलं, शिंपी घेतो तसं.

मग आरटीओत गाडीची नोंद-बिंद झाली, शिकाऊ लायसन निघालं, आन् तलावाकडच्या मोकळ्या रोडवर शिकायला सुरुवात. त्याच टायमाला ह्यांनी आणखी एक काम केलं. मोडीत निघालेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचं ब्रेकचं पेडल आणून स्वतःच्या बाजूला बसवलं, तार आतून माझ्या ब्रेकला जोडलेली. मी चुकले तर हे तिकडून गाडी थांबवणार. शिकताना बरं वाटलं मला त्याचं, खोटं कशाला बोलू. पण शिकून झालं तरी ते पेडल तिथंच, आन् हे पण तिथंच.

रोज माझ्याबरोबर फुलंब्रीला. त्यासाठी ह्यांनी रात्रपाळी मागून घेतली. सकाळी शिफ्टची बस हर्सूलला सोडायची, चहा घ्यायचे आन् सरळ गाडीत. दिवसभर आमच्या हापिसच्या आवारात लिंबाखाली गाडी, ते इंडिकाचं सीट आडवं करून हे झोपलेले. उन्हाळ्यात सुद्धा, काचा खाली करून, तोंडावर रुमाल. शिपाई म्हणायचा, मॅडमचे वॉचमन आले. संध्याकाळी मला घेऊन घरी, जेवण, की पुन्हा कंपनी. डोळे नुसते लाल. मी म्हणायचे, अहो, मला येती गाडी, तुम्ही घरी झोपा. तर म्हणायचे, बघू. आन् मी पण जास्त जोर करत नव्हते. कामून, तर मला सुद्धा वाटायचं की ते पेडल हाय म्हणून मी चालवतीय. गाडी हळू झाली की मला कळायचंच नाय, मी केली का ह्यांनी.

एकदा ऊस भरलेली ट्रॉली डाव्या बाजूच्या शेतातून एकदम रोडवर आली. मी ब्रेक मारला, हे पण पुढं झुकले, गाडी ट्रॉलीच्या जवळच जाऊन थांबली, उसाचे शेंडे काचेला लागले.  मी हापिसात सगळ्यांना सांगितलं, आज आमच्या ह्यांच्यामुळं वाचले. घरी पाहुणे आले त्यांना सांगितलं, प्रज्ञाला फोन करून सांगितलं, तुझ्या पप्पांनी टायमाला ब्रेक दाबला गं. हे शेजारी बसून ऐकत होते. चहा पीत होते. प्रज्ञा म्हणली, आई, पप्पांशिवाय एकटी जाऊ नको. मी म्हणलं, नाय गं बाई.

पुढं किती दिवस गेले काय की. हिवाळ्याची गोष्ट हाय. ह्यांना ओव्हरटाइम लागलेला, गाडीत बसले की डुलक्या. मी चालवायलीय, रोड मोकळा, सहज डावीकडं बघितलं तर हे गाढ झोपलेले, डोकं काचेला टेकलेलं, घोरायलेत, आन् पाय लांब करून त्या पेडलवर ठेवलेला. ठेवलेला म्हणजे पार खाली दाबलेला, पेडल मॅटला टेकलंय. आन् गाडी आपली पळायलीय. जरा सुद्धा हळू नाय.

आधी मला उमगलंच नाय. पुन्हा बघितलं. मग गाडी बाजूला घेतली, लिंबाच्या झाडाजवळ थांबवली, आन् हलवून उठवलं. उठल्या उठल्या ह्यांनी पुन्हा पेडल दाबलं, सवयीनं. मी म्हणलं, राहू द्या, ह्याला तार नाय ना. हे रुमालानं तोंड पुसायला लागले. म्हणलं, बोला, आज तरी बोला. मग म्हणले, काढली. कवा. म्हणले, तू शिकलीस तवाच. तुझा पाय माझ्या पायाची वाट बघायचा, म्हणून काढली. मी म्हणलं, ट्रॉलीच्या आधी का नंतर. म्हणले, आधी.

काय सांगू तुम्हाला, मला त्या माणसाचा एवढा राग आला. म्हणजे ट्रॉलीला मी थांबले होते, एकटी, आन् ह्यांना माहीत असून मी साऱ्या गावाला ह्यांचं नाव सांगत फिरले, आन् हे शेजारी बसून चहा पीत होते. म्हणलं, मला कामून नाय सांगितलं, मी कवाच एकटी गेले असते. तर म्हणले, म्हणूनच नाय सांगितलं. तू एकटी जायला लागली असती, मला घरी झोप लागली नसती. इथं लागती.

मी म्हणलं, उतरा.

उतरले. डब्याची पिशवी हातात, रोडच्या कडेला उभे. समोरून हर्सूलकडं जाणारी काळीपिवळी येत होती, तिला ह्यांनी हात केला. मी मूठ आवळली, गिअर टाकला, निघाले. जलमात पहिल्यांदा गाडीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. भीती वाटली, व्हय. आन् त्या भीतीतच मला लई आनंद झाला, एकटीच मोठ्यानं हसले. हापिसात गाडी लिंबाखाली लावली, शिपाई म्हणला, साहेब कुठंयत. म्हणलं, घरी झोपलेत.

झोपले नव्हते ते, शेजारची सांगत होती, दिवसभर आमच्या घराच्या गेटपाशी उभे म्हणून. मग झाली सवय त्यांनाही. आता ते रिटायर झालेत, माझी पण थोडी वर्षं राहिलीत, मी रोज एकटी जाती, एकटी येती. कुठं लग्नाला-बिग्नाला जायचं असलं तर ते शेजारी बसतात आन् पाय चालूच असतो त्यांचा, समोर साधं कुत्रं आलं तरी दाबतात. ते पेडल मी काढू दिलं नाय. राग गेला का म्हणाल, तर थोडा हाय अजून, पण माणूस चांगला हाय, त्याला काय करायचं. दाबू द्या.

उठलात का. यष्टी स्टँडला जायचं असंल तर मी सोडती, रिक्षा कशाला करता. या, पुढंच बसा. पाय निवांत ठेवा तुम्ही, खाली पेडल हाय त्याला लागला तरी काय होत नाय.