गळ्यापासून गुडघ्यापर्यंत

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावरचे पाहुणे, आज या कलाशाळेतून निवृत्त होणाऱ्या आमच्या चित्रकार बाई, सहकारी, विद्यार्थी, आणि भिंतीवरच्या चित्रांत आपापलं पोट शोधत हसू दाबणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो,

मी इथे ऑफिसात टायपिंग करते. एरवी इतरांची भाषणं टाइप करते, त्यामुळे 'आमचे परमभाग्य' वगैरे मला तोंडपाठ आहे. ते आज राहू द्या. शेवटच्या रांगेत माझे दीर बसलेत. माझा नवरा तुरुंगातून सुटलाय आणि मला परत न्यायला त्याने धाकट्या भावाला धाडलंय. 'आधी बाईंचा समारंभ, मग उत्तर,' असं मी त्यांना दारातच सांगितलं. तेव्हा भावजी, जरा बसा निवांत.

बाईंसमोर चित्रासाठी उघड्या अंगाने बसणं सोपं नव्हतं. आपण सवयीने पोट आत ओढून बसतो. बाई म्हणायच्या, "श्वास सोडा. पोट आत घेतलंत तर मी ब्रश खाली ठेवीन." बाळंतपणांनी सैल पडलेलं पोट, ऑपरेशननंतर एकच उरलेला स्तन, म्हाताऱ्या दंडांची लोंबती कातडी, काळ्या मांड्यांवरचे पांढरे वळ, सगळं त्यांनी असं रंगवलं की आम्हाला स्वतःचा हेवा वाटावा. एवढी वर्षं आरशाने आम्हाला हे का दाखवलं नव्हतं, सांगा?

पण बाईंचे दोन नियम होते. गळ्याच्या वर काही काढायचं नाही. आणि एकीच्या अंगावरची खूण दुसरीच्या अंगावर काढायची, म्हणजे कुणाच्या घरी पत्ता लागणार नाही. माझ्या कमरेवर इस्त्रीचा डाग आहे. शर्टाच्या कॉलरला सुरकुती राहिली म्हणून नवऱ्याने तापलेली इस्त्री टेकवली आणि दाबून धरली. मांस जळल्याचा वास घरात दिवसभर होता. डॉक्टरांना त्याने सांगितलं, तोल जाऊन इस्त्रीवर पडली. मीही मान हलवली. तो डाग बाईंनी आपल्या कॅन्टीनच्या मावशींच्या कमरेवर काढला. मावशी, हसू नका, तुम्ही माझ्या दुप्पट आहात हे सगळ्यांना दिसतंय.

प्रदर्शनाच्या दिवशी तो आला. मी दाराशी पत्रकं वाटत होते. माझ्याकडे न बघता तो भिंतीभिंतीने फिरला, त्या चित्रासमोर थांबला आणि खिशातून सुरा काढला. माझं नाव घेत त्याने चित्रातल्या मावशींच्या पोटात सुरा खुपसला, खाली ओढला, पुन्हा खुपसला. पाहुणे खुर्च्या उलथवत पळाले. बाई मात्र चित्र आणि सुरा यांच्या मधे गेल्या आणि पातं मुठीत धरलं. त्याने ते हिसडून ओढलं. रक्त त्यांच्या कोपरापर्यंत आलं, तरी त्या हलल्या नाहीत. मग त्याने हात पुन्हा उगारला आणि मी लोखंडी स्टूल उचलून त्याच्या हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला. मला फार बरं वाटलं. अशा सभेत सांगू नये, पण वाटलं. म्हणून मी आणखी एकदा घातलं.

पोलिसांनी विचारलं, "चित्राला तोंडच नाही. ही तुझी बायको कशावरून?" तो म्हणाला, "इस्त्रीचा डाग मी दिलाय, मला कळणार नाही?" साहेबांनी शांतपणे लिहून घेतलं आणि इस्त्रीचाही गुन्हा लावला. इतकी वर्षं ज्या अंगाशेजारी झोपला ते अंग त्याला ओळखता आलं नाही, मंडळी. स्वतःची करणी तेवढी ओळखली.

बाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं आजही वाकत नाहीत. त्या डाव्या हाताने रंगवायला शिकल्या. एकदाच मला म्हणाल्या, "तुझा डाग काढायला नको होता गं." त्या चुकीचं ओझं घेऊन त्या आज घरी जाताहेत, हे मला सोसत नाही. बाई, त्या डागाने मला सोडवलं. एवढं सगळ्यांसमोर सांगायला मी उभी राहिले.

आता भावजी, तुमचं उत्तर. मी येणार नाही. उद्या सकाळपासून मी बाईंच्या घरी चित्रासाठी बसतेय. त्यांनी दोन्ही नियम मोडायचं कबूल केलंय. माझ्याच कमरेवर माझा डाग असेल आणि वर माझं तोंड असेल, डोळे उघडे. चित्र याच हॉलच्या दर्शनी भिंतीवर लागेल. खाली माझं नाव असेल. त्याला सांगा, बघायचं असेल तर खुशाल यावं. मी इथेच नोकरीला आहे.

अध्यक्ष महोदयांनी वेळ दिला, तुम्ही ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल तर सभेने सांभाळून घ्यावं. ज्याचा मुद्दाम राखला नाही, त्याची मात्र मी माफी मागत नाही.