बियाण्याचा शब्द

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, नुकतेच निवडून आलेले आपले नवे आमदारसाहेब, सत्कारमूर्ती महिपतराव देसले, त्यांच्या शेजारी जरा अवघडून बसलेल्या वेणूवहिनी, आणि शहापूर-मुरबाडच्या गावांतून भर उन्हात आलेल्या बंधुभगिनींनो,

मी टोकावड्याचा शाळामास्तर. महिपतरावांचे, म्हणजे आपल्या दादांचे, अर्ज आणि पत्रं मी पंधरा वर्षं लिहिली, म्हणून मला बोलायला उभं केलं आहे. चार गोड शब्द बोला, असं संयोजकांनी सांगितलंय. गोड आहे तेवढं आधी सांगतो.

दादा सिद्धगडाच्या पायथ्याच्या करंजवण्याचे. एकावन्न साली लेव्हीचं, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या वसुलीचं, भात मोजायला माणसं त्यांच्या खळ्यावर आली. दादा तेव्हा तिशीत होते, चौथीपर्यंत शिकलेले. ते बियाण्याच्या कणगीला पाठ लावून बसले आणि म्हणाले, "खायाचं न्या. बी नाय न्यायाचं." आठ दिवस कोठडीत राहिले, पण त्या वर्षी गावाचं बी वाचलं. सत्तावन्न साली आपण त्यांना आमदार म्हणून निवडून दिलं ते त्या आठ दिवसांसाठी. पहिल्या अधिवेशनाला ते कल्याणपर्यंत आपल्याच बैलगाडीतून गेले होते. मागे वेणूवहिनींनी एकटीने नांगर धरला. हे त्या कुणाला सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

दहा वर्षांत दादांनी काय मिळवलं? दोन विहिरी, माझ्या शाळेला कौलं, आणि अर्ध्यावर थांबलेला एक रस्ता. मागितलं पुष्कळ होतं. माझ्या हाताला विचारा.

आता पुढचं. अध्यक्षमहाराज, वेळेकडे बघू नका, मी लांबवणार नाही.

पासष्ट साली पाऊस दगा देऊन गेला. शहरात धान्य नव्हतं. पुन्हा लेव्ही आली, आणि मोठ्या खातेदारांचं भात रातोरात कुठे गेलं ते त्यांनाच माहीत. त्यांतले काही इथे पुढच्या रांगेत आहेत, त्यांना माझा नमस्कार. मग आकडा भरायला लहान वाड्या उरल्या. वरून दादांना बोलावणं आलं. सांगण्यात आलं की बियाण्यासकट सगळं भात घ्या, पेरणीच्या आत सुधारलेलं बी घरपोच मिळेल, तुम्ही फक्त लोकांना समजवा.

दादा परत आले ते थेट माझ्याकडे. मला म्हणाले, "मास्तर, शहरात गिरणीत आपलीच माणसं हायेत. त्यांनी खायाचं काय?" मी म्हटलं, पण बी? ते म्हणाले, "शब्द दिलाय त्यांनी."

पहिली कणगी त्यांनी स्वतःची रिकामी केली. मग आम्ही डोंगरालगतच्या आदिवासी ठाकूरवाडीत गेलो. हुकूम मीच वाचून दाखवला. जैतूची बायको बारकी दारात उभी होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कागद काय सांगतो ते कळलं. दादा, तुमी काय सांगता?"

दादा म्हणाले, "दे बाय. मिरगाच्या आत बी येईल."

ती म्हणाली, "तुमी सांगता म्हणून देते. सरकारला मी वळखत नाय." आणि शिंक्यावर टांगलेलं बियाण्याचं गाठोडंसुद्धा तिने खाली उतरवून दिलं. ते कुणी मागितलं नव्हतं, कुणाला दिसलंही नव्हतं.

मृग आला. वाडीने राब भाजून रोपांची जागा तयार ठेवली होती. बी आलं नाही. दादा कचेरीत रोज जाऊन बसायचे. मी पत्रं लिहीत होतो. आषाढ अर्धा सरल्यावर पोती आली, तीही किडकी. तरी लोकांनी पेरली. उगवलं ते गवत. मूठभर रोपांचीही लावणी झाली नाही. दिवाळीनंतर सगळी ठाकूरवाडी भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. घरांना कुलपं नव्हती, कारण आत ठेवायला काही नव्हतं.

यंदा पौषात दादांना पक्षाचं पत्र आलं की तिकीट तुमचंच. त्याच आठवड्यात ते मला घेऊन भट्टीवर गेले, वाडीला परत आणायला. बारकी हगवणीने चार दिवसांपूर्वी गेली होती. जैतू चिखल तुडवत होता. तो थांबला नाही. दादा म्हणाले, "जैतू, चल घरी. औंदा मी माझ्या हातानं बी देतो."

जैतू म्हणाला, "माझा तुमच्यावर राग नाय दादा. पर आता मला काय सांगू नका."

एवढंच. आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी मी त्यांचं शेवटचं पत्र लिहिलं: तिकीट नको. कारण लिहू का, विचारलं तर म्हणाले, "प्रकृती लिहा."

तुम्ही बाजारात ऐकलंत की दादा भांडले, थकले, विकले गेले. म्हणून हे सगळं सांगितलं.

आज सकाळी संयोजकांनी मला गळ घातली की दादांना पुन्हा सार्वजनिक कामात येण्याची विनंती भाषणात करा. मी येताना त्यांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, "मास्तर, मी सांगितलं की लोक ऐकतात. तेच नको आता." म्हणून ती विनंती मी करणार नाही. नव्या आमदारसाहेबांना मी शुभेच्छा देतो. यंदाच्या लेव्हीचा हुकूम परवा शाळेत आला आहे. शब्दन्‌शब्द तोच आहे. वाचून दाखवायला मला सांगितलंय, आणि नोकरी आहे, मी वाचेन.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, संयोजकांनी चहाची सोय केली, सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणून खाली बसायची आपली रीत. माझं बरं आहे, पोटात घालायला तुम्ही समोर आहात. दादा माफी मागायला भिवंडीपर्यंत गेले होते, चार दिवस उशिरा.