सिस्टरांची पाच मिनिटं

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या आरोग्य केंद्राच्या प्रमुख डॉक्टर मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती सिस्टर, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना सविनय नमस्कार.

मघाशी मॅडमनी सिस्टरांच्या सेवेचा आढावा घेतला, पाहुण्यांनी त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. मला सांगण्यात आलं की रुग्णांच्या वतीने दोन शब्द बोला. रुग्णांनी मला काही निवडून दिलेलं नाही. मी फक्त सगळ्यांत जुनी आहे. बटणांच्या कारखान्यात मी तपासणीला बसते. दिवसभर बटणांची भोकं बघणाऱ्या बाईला सभेत बोलायची सवय कुठून असणार? त्यात अध्यक्षसाहेबांनी मला पायऱ्या चढताना हळूच बजावलं, "ताई, विषय जरा सांभाळून." सांभाळते, साहेब. पण ज्या खोलीच्या दारावर 'कुटुंब नियोजन' लिहिलंय, त्या खोलीतल्या सिस्टरांना निरोप द्यायचा आणि तोच विषय टाळायचा, म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवण्यासारखं आहे. तेव्हा मी भांडं पुढे करते.

मी त्या खोलीत पहिल्यांदा गेले तेव्हा चौतिशीत होते. पदरात दोन मुली. धाकटीच्या वेळी माझं बीपी असं चढलं होतं की मला झटके आले. डॉक्टरांनी नंतर स्वच्छ सांगितलं होतं, पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल. आमचे हे जहाजावर, इंजिनरूममध्ये. नऊ महिने पाण्यात आणि दोन महिने घरात. त्या खेपेला ते थोड्याच दिवसांत यायचे होते. नवरा येणार म्हटल्यावर बाईला आनंद व्हायला हवा ना? मला आनंद होत होता आणि भीतीही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी वाटतं हे सांगायचं तरी कुणाला?

थोरल्या जावेला सांगितलं. तिने कपाटातून स्वतःच्या गोळ्यांचं पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. "घे, मी कधीपासून घेतेय. काही होत नाही." प्रेमाने दिलं हो. मी घ्यायला लागले. मग डोकं दुखायला लागलं. मला वाटलं, बटणं बघून बघून दुखतंय, चष्म्याचा नंबर वाढला असेल. पाकीट संपलं तशी नवं मागायला केंद्रात आले. दारातूनच म्हटलं, "सिस्टर, एक पाकीट द्या पटकन, शिफ्ट आहे."

सिस्टर म्हणाल्या, "बस."

"वेळ नाही हो."

"मग गोळीही नाही."

बसले. पाठ टेकव, पाय जमिनीला, हात टेबलावर, आणि आता पाच मिनिटं गप्प. मागच्या रांगेतल्या बायका हसताहेत, कारण ही पाच मिनिटं त्यांनीही काढली आहेत. बोललं की आकडा वाढतो म्हणून त्या कुणालाही बोलू देत नाहीत. डॉक्टरांच्या सासूबाईंनासुद्धा दिलं नव्हतं. आपण सगळ्या पाठीमागे त्यांना 'गप्पसिस्टर' म्हणतो. सिस्टर, हे तुम्हाला ठाऊक आहे, हेही आम्हाला ठाऊक आहे.

मी घरात सतत बोलणारी. मुलींवर ओरडणारी, भांड्यांशी बोलणारी. त्या खुर्चीत पहिल्यांदाच कुणीतरी मला काही करू नकोस म्हणून सांगितलं. खिडकीतून समोरचा सायकल दुरुस्तीवाला चाक फिरवताना दिसत होता. ते चाक थांबायच्या आत माझ्या डोळ्यांना धार लागली. सिस्टरांनी पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं, पुन्हा थोडं थांबल्या आणि मग पट्टा बांधला. एकदा बीपी घेतलं, थोड्या वेळाने परत घेतलं. दोन्ही वेळा चढलेलं.

"कोणाची गोळी घेतेस?"

"जावेची."

"जावेची चप्पल घाल, छत्री घेऊन जा. गोळी घेऊ नकोस."

मग त्यांनी नीट सांगितलं. त्या गोळीत जे हार्मोन असतं त्याने बीपी चढतं, आणि ज्या बाईचं आधीच चढलेलं असतं तिला अर्धांगाचा झटका येण्याचा धोका वाढतो. जावेला सोसलं म्हणून मला सोसेल असं नव्हतं. म्हणाल्या, "ही आजपासून बंद. बीपी डॉक्टरांना दाखव. आणि रडू नकोस, रस्ते संपलेले नाहीत." एकेक पर्याय समोर मांडला. तांबी, म्हणजे कॉपर-टी, तिच्यात हार्मोन नाही. दुसरी एक गोळी असते, बीपीवाल्यांना बहुधा चालणारी, पण रोज ठरल्या वेळी घ्यायची, चुकली की चुकली. निरोध. आणि नसबंदी, बाईची किंवा पुरुषाची. "पुरुषाची सगळ्यांत सोपी," त्या म्हणाल्या, "विचारून तर बघ."

विचारलं. फोनवर, मागे इंजिनाची घरघर. हे हसले. "मी इकडे समुद्रात, आणि तू तिकडे मला कापायला निघालीस?" मग म्हणाले, "तुझं तू बघ."

वाईट नव्हता हो माणूस. मुलींसाठी खेळणी आणायचा, माझ्यासाठी साबण आणायचा. पण फोन ठेवला आणि मला फार एकटं वाटलं. जीव माझा, हे कबूल. पण त्या जिवाला जो धोका होता, तो काय माझ्या एकटीमुळे होता?

दुसऱ्या दिवशी सिस्टरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं. मग आपण दोघी बघू."

मी तांबी निवडली. सुरुवातीला अंगावरून जास्त जाईल, पोटात कळा येतील, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे घाबरले नाही. डॉक्टर बसवत होत्या तेव्हा सिस्टरांनी माझा हात धरला होता. म्हणाल्या, दहा वर्षं चालेल.

चालली. आमच्या संसारात दहा वर्षं टिकलेली ती एकच गोष्ट. हसा, हसा, मीही हसते. हे त्या खेपेला आले, पुढच्या वर्षी आले. मग करार लांबत गेले. मग पैसे येत राहिले आणि माणूस यायचा थांबला. दुसऱ्या एका बंदरात त्यांनी घर केलंय, हेही मला जावेकडूनच कळलं.

दहा वर्षं भरली तशी तांबी काढायला गेले. सिस्टरांनी नियमाप्रमाणे विचारलं, "दुसरी बसवायची?"

मी म्हटलं, "कोणासाठी?"

त्या हातमोजे काढत राहिल्या. सांत्वन वगैरे त्यांच्या स्वभावात नाही. शेवटी म्हणाल्या, "बीपीला नवरा लागत नाही. दर महिन्याला दाखवायला येत जा."

तेव्हापासून येते आहे. मुली आपापल्या घरी गेल्या, सुखात आहेत, फोन करतात. कारखान्यात माणसं आहेत, दिवसभर बोलणं होतं. पण आमच्या वयाच्या बाईला हात कोण लावतं? महिन्यातून एकदा सिस्टर माझी बाही वर सारायच्या, पट्टा बांधायच्या, नाडीवर बोटं ठेवायच्या. महिन्याभरात मला होणारा माणसाचा स्पर्श तेवढाच. पाहुण्यांनी मघाशी सेवा हा शब्द फार वेळा वापरला. माझ्या हिशेबी सेवा ती एवढीच होती, आणि पुरेशी होती.

गेल्या महिन्यात मी त्यांना सहज विचारलं, "सिस्टर, तुमचं बीपी कोण बघतं?" पट्टा गुंडाळत म्हणाल्या, "दुसऱ्यांचं बघता बघता राहून जातं." घरी कोण असतं, असं विचारलं. म्हणाल्या, "एक मांजर यायचं. हल्ली येत नाही." इतक्या वर्षांत मी त्यांना हे पहिल्यांदा विचारत होते.

अध्यक्षसाहेब घड्याळाकडे बघताहेत, आवरते. आयोजकांनी मला इथे उभं केलं, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, मनापासून आभार. विषय सांभाळता सांभाळता काही वावगं तोंडातून गेलं असेल तर बटणं तपासणारी बाई म्हणून पोटात घाला.

आणि सिस्टर, एक तुम्हाला कधी सांगितलं नाही. चार वर्षांपूर्वी धाकटीने मला बीपीचं मशीन घेऊन दिलंय. चांगलं आहे, आकडे बरोबर दाखवतं. नुसत्या आकड्यासाठी मला दर महिन्याला केंद्रात यायची काही गरज नव्हती. तुम्ही या माझ्याकडे, तुमचं मी बघेन. रविवारी मी घरीच असते.